'च' नावाचं दुखणं

मराठीतलं सगळ्यात महागात पडणारं अक्षर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी 'च' सांगेन. शाळेत व्याकरणाच्या तासाला याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणायचे. शब्दाला चिकटतं, पण त्याचं सामान्यरूप होऊ देत नाही. शब्दाला धक्का न लावता बसतं, असं आमच्या बाई सांगायच्या. शब्दाला लावत नसेल. माणसांना लावलेले धक्के मी रोज बघते.

मी समुपदेशक आहे, डोंबिवलीत बसते. येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मॅडम, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?" सल्ला हवा असतो. पण सल्ल्याचा दुष्काळ आपल्याकडे कधी नव्हताच. आत्या देते, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू देतात, सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोसकट येतो. "जुळवून घ्या", "टेन्शन घेऊ नका", "सकारात्मक राहा". हे ऐकून ज्याचं काम भागतं तो माझ्याकडे येत नाही. मग त्या खोलीत पाऊण-एक तास चालतं काय? अनेक पद्धती आहेत. मी जी जास्त वापरते तिच्याबद्दल सांगते.

एक जोडपं घेऊ. हे चार-पाच घरं मिसळून बनवलेलं आहे, तेव्हा कुणी यात ओळखीचं घर शोधू नये. नवरा मुंबईला बीकेसीत कामाला, सकाळी सातला बाहेर पडणारा. बायको कल्याणला बँकेत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या यांच्याकडेच राहतात. पहिला शनिवार, म्हणजे तिची बँक चालू आणि त्याला सुट्टी. पाण्याच्या फिल्टरवाला अकराला येणार होता. "घरी थांब" असं ती दोनदा बजावून गेली. हा पावणेअकराला केस कापायला गेला. फिल्टरवाला आला, बेल वाजवली, सासूबाई वॉकर घेऊन दारापर्यंत पोचेपर्यंत निघून गेला. संध्याकाळी ती घरी आली आणि फिल्टरवरून सुरू झालेलं भांडण रात्री अकरापर्यंत लग्नातल्या मानपानावर पोचलं. त्यानंतर नऊ दिवस अबोला. स्वयंपाक, डबे, औषधं सगळं सुरळीत, फक्त निरोप मुलीमार्फत. "बाबांना सांग, गॅस बुक केलाय."

फिल्टरसाठी नऊ दिवस? ती स्वतःच म्हणाली, "मलाही कळतं हो, एवढ्याशा गोष्टीवरून..." मी विचारलं, "दार उघडून आत आलात, कळलं की तो येऊन परत गेला. त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं?" जरा वेळाने म्हणाली, "ह्याला माझी किंमतच नाही."

मी कागदावर तो 'च' मोठा करून काढला.

आता थोडं न्यूयॉर्कला जावं लागेल. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण घेतलेले, म्हणजे रुग्णाला कोचावर झोपवून बालपण खणत बसायचं, ते सगळं. पण सुरुवातीपासून ते नवरा-बायकोच्या आणि लैंगिक प्रश्नांवर सल्ला द्यायचे, त्यामुळे घरातली भांडणं त्यांना चांगली परिचयाची होती. त्यांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं बालपण खणूनही माणूस आहे तिथेच राहतो. १९५५ साली त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. तिचं आजचं नाव रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे आरईबीटी. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मुंबईचे डॉ. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळेही हे नाव बऱ्याच मराठी घरांत पोचलं. त्यामुळे वाचकांपैकी काहींना पुढचं ओळखीचं वाटेल.

मूळ कल्पना एलिस यांचीही नाही, आणि ते तसं मोकळेपणाने सांगायचे. एपिक्टेटस नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला, जन्माने गुलाम. तो म्हणायचा की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांबद्दलची त्याची मतं करतात. एलिस यांनी त्याची ए-बी-सी केली. ए म्हणजे घटना: फिल्टरवाला परत गेला. सी म्हणजे परिणाम: संताप, रडू, नऊ दिवस अबोला. आपल्याला वाटतं ए मुळे सी झालं. मध्ये बी असतो, म्हणजे त्या घटनेकडे बघण्याचा आपला दृष्टिकोन, आपण स्वतःशी बोललेलं वाक्य. ते इतकं झटकन बोललं जातं की बोललो हेही कळत नाही.

आणि बीमधली सगळी वाक्यं सारखीच त्रास देत नाहीत. एलिस यांच्या मते खरी खोड एका प्रकारच्या वाक्यात असते: इच्छेची सक्ती होते तिथे. इंग्रजीत त्यांनी याला 'मस्ट' म्हटलं. इंग्रजी माणसाला त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं. आपल्याकडे एक अक्षर पुरतं. "त्याने घरी थांबायला हवं होतं" ही इच्छा आहे, रास्त इच्छा. "त्याने थांबायलाच हवं होतं" हा कायदा झाला. इच्छा मोडली की वाईट वाटतं, कायदा मोडला की गुन्हेगार शोधला जातो. मग घरात खटला उभा राहतो आणि सासूबाई साक्षीदार होतात.

एकदा ही सक्ती आली की तिच्या मागोमाग आणखी तीन वाक्यं येतात, असं या पद्धतीत मानतात. मजा म्हणजे मराठीत तिन्ही 'च' घेऊन येतात. पहिलं, आकाश कोसळल्याचं: "आता सगळंच संपलं." दुसरं, सोसवत नसल्याचं: "मला हे सहनच होत नाही." (हे वाक्य बोलणारी व्यक्ती बहुधा ती गोष्ट बारा वर्षं सहन करून माझ्यासमोर बसलेली असते.) तिसरं, माणसावर शिक्का मारण्याचं: "तो बेजबाबदारच आहे", नाहीतर स्वतःवर, "मी नालायकच." त्या बाईच्या मनातला 'किंमतच' हा या तिसऱ्या जातीचा होता. हे सगळं झालं साधारण दार उघडल्यापासून चप्पल काढेपर्यंत.

आठवडाभर घरात फक्त कान देऊन ऐका. नेहमीच, कधीच, काहीच, मलाच, मीच का. दुसऱ्यांच्या तोंडचे 'च' लगेच ऐकू येतात, म्हणून तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण मोजायचे आपले. आणि मोजलेले दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. एका गृहस्थांनी ही युक्ती ऐकून दुसऱ्याच दिवशी बायकोला "बघ, आत्ता च म्हणालीस" असं सुनावलं होतं. पुढचं सत्र आम्हाला त्यावर घालवावं लागलं.

बरं, हे अक्षर भाषेतून हद्दपार करायचं आहे असं कुणी समजू नये. "मला तूच हवी आहेस" यातला 'च' काढून बघा काय होतं ते. अडचण फक्त सक्तीच्या 'च'ची आहे.

मग काय करायचं? सापडलेल्या वाक्याशी वाद घालायचा. एलिस यांचा चौथा टप्पा डी, तो हाच. तीन प्रश्न विचारायचे. पहिला, याला पुरावा काय? "किंमतच नाही" म्हणता, तर तुमच्या आजारपणात रात्री जागलेला माणूस कोण होता? दुसरा, तर्काला धरून आहे का? मला एखादी गोष्ट हवी आहे, यावरून ती घडायलाच हवी हे कसं निघतं? मला ट्रेनमध्ये खिडकी हवी असते, मध्य रेल्वेने तसं लिहून दिलेलं नाही. तिसरा, असं मानून माझा फायदा काय होतोय? नऊ दिवसांत फिल्टर दुरुस्त झाला का? झाला नव्हता. घरात पाणी उकळून पीत होते.

हे प्रश्न मी जोडप्यांना समोरासमोर बसवून एकमेकांना विचारू देत नाही. "याला पुरावा काय" हे नवऱ्याच्या तोंडून ऐकलं तर ते उलटतपासणीसारखं लागतं. हा वाद ज्याचा त्याने आपल्याशी घालायचा असतो, आणि शक्यतो कागदावर. डोक्यातल्या डोक्यात घातला तर 'च' जिंकतो, कारण त्याला सवय जास्त आहे.

इथे एक गैरसमज होतो. लोकांना वाटतं की बाई म्हणतायत, वाईट वाटून घेऊ नका. तसं नाही. नोकरी गेली तर दुःख व्हायला हवं. नाही झालं तर मला काळजी वाटेल. या पद्धतीत नकोशा भावनांचेही दोन गट करतात, आणि मराठीत त्यांना जोड्या छान मिळतात. काळजी वेगळी, चिंता वेगळी. काळजी करणारी आई डॉक्टरची वेळ घेते, चिंता करणारी रात्रभर मोबाइलवर आजारांची नावं शोधते. नाराजी वेगळी, संताप वेगळा. खंत वेगळी, अपराधीपणा वेगळा: खंत म्हणते "चुकलं माझं", अपराधीपणा म्हणतो "मी चुकीचाच माणूस आहे". पहिल्या गटातली भावना त्रासदायक असली तरी हातपाय हलते ठेवते, दुसऱ्या गटातली बांधून ठेवते. त्या बाईला माझं सांगणं एवढंच होतं की तुमची नाराजी शंभर टक्के रास्त आहे, ती ठेवा. आणि ती नवऱ्याला नाराजी म्हणून सांगा. आत्तापर्यंत त्याच्यापर्यंत फक्त संताप पोचलाय आणि संतापाला तो संतापाने उत्तर देतोय. "माझी किंमत नाही असं मला वाटलं" हे वाक्य त्याने नऊ दिवसांत एकदाही ऐकलेलं नव्हतं. मी हे म्हटल्यावर तो गप्प झाला आणि बूट बघत बसला. अशा वेळी मी बोलत नाही.

पण रात्री दहा वाजता, आवाज चढलेला असताना, कुणी ए-बी-सी करू शकतं का? नाही करू शकत. विचारांच्या पद्धतीवर प्रेम असलेले आम्ही लोक हे जरा विसरतो. शरीराचा हिशेब आधी चुकवावा लागतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ क्ष-किरणांखाली मांजरांच्या पोटाची हालचाल बघत होते. मांजर घाबरलं किंवा चिडलं की पोटाची हालचाल थांबायची. त्यातून पुढे 'लढा किंवा पळा' ही कल्पना आली: धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, नाडी वाढते, रक्त स्नायूंकडे वळतं, पचनासारखी सावकाशीची कामं थांबतात. भांडणानंतर घास घशाखाली उतरत नाही तो यामुळे. शरीराला वाघ आणि नवरा यातला फरक कळत नाही. (हा विनोद मी फार वर्षं करतेय, बायका हसतात, नवरे कमी.)

सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, अंगाला यंत्रं लावून, भांडू दिलं. त्यांचं निरीक्षण असं की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस ऐकूच शकत नाही. समोरच्याचं साधं वाक्यही हल्ल्यासारखं वाटतं. एका प्रयोगात त्यांनी यंत्र बिघडल्याचं निमित्त करून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना मासिकं वाचायला दिली. अर्ध्या तासाने तीच जोडपी त्याच विषयावर बरीच शहाण्यासारखी बोलली. यावरून निघालेला त्यांचा नियम: थांबायचं, आणि कमीत कमी वीस मिनिटं थांबायचं.

वन बीएचकेमध्ये, हॉलमध्ये सासूबाई आणि बेडरूममध्ये अभ्यास करणारी मुलगी असताना थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न. गच्ची आहे, जिना आहे, कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणणं आहे. पण दोन अटी पाळायच्या. निघताना परत कधी येणार ते सांगायचं: "मला आत्ता नीट बोलता येत नाहीये, साडेदहाला बोलू." काही न सांगता दार आपटून गेलात तर मागे राहिलेल्याची नाडी आणखी चढते. आणि साडेदहाला खरोखर बोलायचं. ही वेळ पाळली नाही तर 'ब्रेक' म्हणजे पळवाट हे दुसरा माणूस दोनच वेळांत शिकतो. दुसरी अट अवघड आहे: त्या वीस मिनिटांत मनात भांडणाची तालीम करायची नाही. "आणि मी असं म्हणेन, मग ती असं म्हणेल" हे चालू राहिलं तर नाडी खाली येत नाही, कोथिंबीर कितीही निवडा.

श्वासाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की लोकांना कंटाळा येतो, पण त्यामागचं कारण सांगते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाला हळू होण्याचा निरोप जातो. चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास. पाच मिनिटं. लोकलमध्ये उभ्याने होतं, कुणाला कळतही नाही. एवढंच, याहून जास्त गूढ त्यात काही नाही.

स्वतःवरच्या शिक्क्याबद्दल थोडं सांगायचं राहिलं, कारण ताण म्हणून जे माझ्यापर्यंत येतं त्यातलं बरंचसं तिथून निघतं. आपण दहावीच्या टक्क्यांवर वाढलेली माणसं. प्रत्येक गोष्टीचे गुण मांडायचे आणि शेवटी माणसाची टक्केवारी काढायची. एलिस यांचा आग्रह असा की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. पोळी करपली; बाई करपली नाही. ऐकायला सोपं आहे. पण सून म्हणून, मुलगा म्हणून, टीम लीड म्हणून ज्याने आयुष्यभर टक्केवारी काढली त्याला हे पटायला महिने जातात. समजून घेऊन तर ते पटतच नाही, करून पटतं. म्हणून ही पद्धत गृहपाठ देते.

एलिस यांनी तो स्वतःवर करून बघितला होता. एकोणीस वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटाभरात तिच्याशी बोलायला सुरुवात करायची, असं त्यांनी स्वतःला घालून दिलं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे महिन्याभरात एकशेतीस जणींजवळ जाऊन बसले, तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आली नाही. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही आणि भीती गेली. आजच्या काळात हा गृहपाठ मी कुणालाही देणार नाही. बागेतल्या बाकावर एकट्या बसलेल्या बाईची बाजूही आपल्याला आता जास्त कळते. मी छोटे देते. भिशीच्या दिवशी एक पदार्थ मुद्दाम विकतचा ठेवा आणि विकतचा आहे असं सांगा. साहेबांना "हे आज होणार नाही, उद्या बारापर्यंत देतो" असं एकदा म्हणा. "लोक काय म्हणतील" याचं उत्तर लोकांनाच देऊ द्या. बहुतेक वेळा लोक "चकली कुठून आणलीस" एवढंच विचारतात.

आता या सगळ्याची हद्द सांगायला हवी. दृष्टिकोन बदला, हा उपाय मार खाणाऱ्या बाईसाठी नाही. घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल तर दोष बीमध्ये नाही, एमध्ये आहे, आणि ए बदलायचा असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. अशा घरातल्या जोडप्याला मी एकत्र बसवत नाही. तिने खोलीत खरं बोलायचं आणि त्याची किंमत घरी मोजायची, हे मला मान्य नाही.

तसंच, दोन आठवडे किंवा जास्त काळ दिवसातला बराचसा वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ते एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषधं तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. माझ्यासारखे समुपदेशक आणखी वेगळे. पाटी बघून फरक कळत नाही, तेव्हा "तुमचं शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली शिकलात" हे सरळ विचारा. प्लंबरला विचारता, आम्हाला विचारायला लाजू नका. जगणं नको वाटत असेल तर रात्री-अपरात्रीही १४४१६ वर फोन करता येतो. ही 'टेलिमानस' सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरं अजून आहेत, म्हणून हे लिहिलं.

त्या जोडप्याचं म्हणाल तर ते पाच-सहा वेळा आले. तिने वहीत 'च' मोजले. पहिल्या आठवड्यात मोजता मोजता सोडून दिले, इतके होते. त्याने एकदा भांडण मध्येच थांबवून "पावणेदहाला बोलू" म्हटलं आणि खरंच पावणेदहाला टीव्ही बंद केला. तिला सगळ्यात नवल त्याचं वाटलं. मानपानाचा विषय मिटलेला नाही. तो बहुधा मिटणारही नाही, पण तो आता वर्षातून दोनदा निघतो.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी नवरा दहापासून एकपर्यंत घरी बसून राहिला, केस वाढलेले. फिल्टरवालाच आला नाही.